क्षयाच्या जंतूचा सौदा

आज मी तुम्हाला एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा इतिहास सांगणार आहे. पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन म्हणजे विकर. आपलं आजचं विकर क्षयाच्या जंतूत असतं आणि त्याचं नाव आहे कॅट-जी.

आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात आणि त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या जहाल रसायनांचा मारा करतात. कॅट-जी हे पेरॉक्साइड फोडून निकामी करतं. म्हणजे ही जंतूची ढालच!

आता चला १९५२ सालात. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनायझिड हे औषध रुग्णांना दिलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून जेवायला लागली. गंमत म्हणजे हे रसायन प्रागमध्ये १९१२ सालीच तयार झालं होतं. ते क्षयावर चालतं, हे कळायला चाळीस वर्षं लागली.

पण लवकरच औषधाला दाद न देणारे जंतू दिसू लागले. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या गार्डनर मिडलब्रुक यांना दोन गोष्टी आढळल्या. अशा अनेक जंतूंमध्ये पेरॉक्साइड फोडण्याची क्षमताच उरली नव्हती, आणि गिनिपिगमध्ये ते फारसा आजार करत नव्हते.

असं का, याचं उत्तर १९९२ मध्ये मिळालं. यिंग झांग, स्ट्यूअर्ट कोल आणि लंडन-पॅरिसमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कॅट-जीचं जनुक गेलं की औषध चालत नाही. कारण आयसोनायझिड स्वतः निरुपद्रवी असतं. त्याला विषारी रूप देतं ते कॅट-जीच! मग ते विष इन्ह-ए या दुसऱ्या विकराला अडवतं, आणि जंतूच्या मेणचट भिंतीचं बांधकाम थांबतं.

म्हणजे जंतूपुढे पेच होता: ढाल ठेवली तर औषध मारतं, टाकली तर शरीर मारतं.

दुर्दैवानं त्यातून वाट निघाली. कॅट-जीच्या ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल आलं, की औषधाला विषारी रूप देण्याचं काम जवळजवळ थांबतं. ढाल मात्र बरीचशी शाबूत राहते. आयसोनायझिडला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये जगभर हाच बदल सर्वाधिक सापडतो.

जंतू हे ठरवून करत नाही, बरं का. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंपैकी एखाद्यात असा बदल आपोआप होतो. एकच औषध दिलं, की बाकीचे मरतात आणि तो उरतो. म्हणून तर एकदम अनेक औषधं देतात: एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा.

जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. आपल्या प्रयोगशाळांतली लाइन प्रोब ही चाचणी कॅट-जीमधला हाच बदल शोधते. डॉक्टरांनी ती सांगितली तर टाळू नका. आणि बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. मागे उरलेल्या जंतूंना आपण पुन्हा संधी देत असतो.

भेटू पुढच्या भागात.