एका जागी न बसणाऱ्या पोरांचा इतिहास

आजच्या एपिसोडचं कारण आहे माझा अकरा वर्षांचा भाचा. ताई आरेला लागूनच, मरोळच्या बाजूला राहते. गणित अर्धवट, डबा शाळेत, बाटली रिक्षात. रोज संध्याकाळी अभ्यासावरून घरात रडारड. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, आणि ताई मला फोनवर म्हणाली, "मीच कुठे कमी पडले का रे?"

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. बग आला की आधी जुने लॉग बघायचे, ही सवय. म्हणून या नावाचे लॉग उघडले.

1902. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यातली बरीच मुलं हुशार आहेत, हे त्याने नोंदवलं. पण नाव काय दिलं, तर 'नैतिक ताब्यातला दोष'. म्हणजे ठपका पोरावरच. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून बेंझेड्रिन दिलं. डोकं दुखायचं थांबलं नाही, पण बरीच मुलं अभ्यासाला बसायला लागली! मुलं त्याला 'गणिताची गोळी' म्हणायची. एडीएचडी हे नाव आलं थेट 1987 मध्ये. ताईला मी एवढंच सांगितलं, की 'आई कमी पडली' हे निदान डॉक्टरांच्या यादीत नाही.

पण मला जास्त आवडलेली गोष्ट आपल्याकडची आहे. आरेत दूध कॉलनी आली 1949 मध्ये, वारली पाडे त्याआधीपासूनचे. त्याच वारली समाजाच्या डहाणू भागात, 1945 मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला बालवाडी चालवायला गेल्या. सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं काही शाळेत येईनात. कोणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कोणाला गुरं राखायची. मग या बायकांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 1975 ची सरकारी योजना नंतरची. पुढे कोसबाडला कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच वर्ग. मोजायला खडे, बिया, पानं.

आता, त्या मुलांना एडीएचडी नव्हता, ती कामकरी मुलं होती. ओढूनताणून जोडत नाहीये. पण 'पोर बसत नाही' म्हटल्यावर पोराऐवजी बसायची जागा बदलून बघणं, हे मला कुठल्याही अॅपपेक्षा भारी वाटतं.

ताईने तेच थोडं सुरू केलंय. औषधाचं डॉक्टर ठरवतील. घरी मात्र एका वेळी पंधराच मिनिटं अभ्यास, पाढे गॅलरीत फेऱ्या मारत, आणि एका वेळी एकच सूचना. 'दप्तर भर, हात धू, मग वही काढ' यातलं त्याला शेवटचंच ऐकू येतं, हे आम्हाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. भांडणं थांबली नाहीत. आठवड्यातले दोन दिवस बरे जातात, आधी एकही जात नव्हता.

गेल्या रविवारी मी त्याला स्कूटरवरून आरेत घेऊन गेलो. एका झाडाखाली मुंग्यांची रांग दिसली. साहेब वीस मिनिटं हलले नाहीत. किती मुंग्या दाणा घेऊन गेल्या, किती रिकाम्या परतल्या, सगळं मोजलं.

बाटली मात्र तिथेच विसरला.