एक नाव, दोन भाषा : पायथॉनच्या स्थित्यंतराची बारा वर्षे

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/
२०११ साली लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या संगणकावर ‘पायथॉन’ ही आज्ञा टंकली, तर कोणती भाषा उत्तर देईल, हे त्या संगणकावरील लिनक्सच्या वितरणावर अवलंबून होते. आर्च लिनक्सवर तिसरी आवृत्ती उघडे. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅटवर दुसरी. नाव एकच, पण एकीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीला बहुधा उमगत नसे. या एका नावाचा तंटा मिटायला जवळजवळ दशक लागले. त्याचाच हा इतिहास.

२/
डिसेंबर १९८९. ॲम्स्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांनी नाताळच्या सुटीतील विरंगुळा म्हणून एक नवी संगणकभाषा रचायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती सार्वजनिक झाली. पायथॉन हे नाव सापावरून आलेले नाही. ते ‘मॉन्टी पायथॉन’ या बीबीसीवरील विनोदी मालिकेवरून आले.

३/
यातील १९९१ हे वर्ष महत्त्वाचे. जगातील सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली, म्हणजे पायथॉननंतर आठ महिन्यांनी. साहजिकच पायथॉनच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची रांग होती, आणि ॲस्की या १२८ चिन्हांच्या संचापलीकडचे जग तिच्या रचनेत नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये २.० या आवृत्तीने युनिकोडसाठी वेगळा प्रकार दिला. पण जुना प्रकारही कायम राहिला. एका घरात मजकुराचे दोन प्रकार नांदू लागले.

४/
याचा अर्थ मराठी वाचकाला एका शब्दावरून कळेल. ‘मराठी’ हा शब्द पायथॉन २ च्या साध्या मजकुरात ठेवून त्याची लांबी विचारली, तर यूटीएफ-८ सांकेतनात उत्तर येई १५. म, र, आकाराचा काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, आणि प्रत्येकाचे तीन बाइट. हाच प्रश्न पायथॉन ३ ला विचारला, तर उत्तर येते ५. मराठी माणूस मात्र म-रा-ठी अशी तीन अक्षरे मोजतो. तो मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

५/
लांबीची चूक त्या मानाने सौम्य होती. घातक होती ती सरमिसळ. पायथॉन २ मजकुराचे दोन्ही प्रकार न विचारता एकत्र जोडे, आणि मजकूर इंग्रजी असेतोवर ते बिनबोभाट चाले. एखाद्या अर्जात पहिले देवनागरी नाव आले, की आज्ञावली कोसळे. सर्व देवनागरी वर्णांचा यूटीएफ-८ मधील पहिला बाइट एकच असतो. बंगाली, तमिळ, कन्नड यांचाही तोच. त्यामुळे ‘ॲस्कीला हा बाइट वाचता येत नाही’ अशी त्याच बाइटाची तक्रार भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना पुन:पुन्हा भेटे.

६/
म्हणजे दोष असा होता, की तो इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला कधीच दिसत नसे. डागडुजीने तो जाणारा नव्हता. मजकुराची व्याख्याच बदलणे भाग होते. २००६ मध्ये ‘पायथॉन ३०००’ या योजनेचा प्रस्ताव लेखी स्वरूपात आला. मागील आवृत्तीशी सुसंगती जाणीवपूर्वक तोडण्याचा तो निर्णय होता. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३.० प्रसिद्ध झाली.

७/
मजकुराबरोबर इतरही बदल झाले. ‘प्रिंट’ हे विधान होते, ते फलन झाले. त्याला कंस अनिवार्य ठरले. ७ भागिले २ याचे जुने उत्तर ३ होते, नवे ३.५ झाले. यातील पहिला बदल निरुपद्रवी, कारण चूक असेल तर आज्ञावली सुरूच होत नाही. दुसरा बदल मूक होता. आज्ञावली चालते, उत्तर देते, आणि ते उत्तर आधीपेक्षा वेगळे असते. जुन्या आज्ञावल्या नव्या भाषेत आणणारे ‘टू-टू-थ्री’ हे साधन सोबत दिले होते, तरी अशा ठिकाणी माणसाची नजर लागेच.

८/
मग सुरू झाली परस्परांची वाट पाहणे. आज्ञावली लिहिणारे म्हणत, ‘आमची ग्रंथालये तिसऱ्या आवृत्तीवर आली की आम्ही येऊ.’ ग्रंथालये सांभाळणारे म्हणत, ‘वापरणारे आले की आम्ही कष्ट घेऊ.’ संख्याशास्त्रीय कामाचा कणा असलेले नमपाय २०१० मध्ये तिसरीवर चालू लागले. संकेतस्थळे उभारणाऱ्या जँगोने २०१३ मध्ये प्रायोगिक आधार दिला. दरम्यान जुलै २०१० मध्ये २.७ आली आणि बहुतेकांनी तिथेच मुक्काम ठोकला.

९/
पण खरी गाठ ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसली होती. लिनक्सवर पायथॉन हे वापरणाऱ्याने हौसेने बसवलेले साधन नव्हते. ती यंत्रणेचीच भाषा होती. रेड हॅटचे ‘यम’ हे पॅकेजे बसवणारे साधन आणि ‘ॲनाकोंडा’ हा प्रतिष्ठापक पायथॉनमध्ये लिहिलेले. जेंटूचे ‘पोर्टेज’ही तसेच. आरएचईएल ५ मध्ये पायथॉन २.४ होती, आरएचईएल ६ मध्ये २.६. या आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळण्याची हमी असल्यामुळे त्या अध्येमध्ये बदलत नसत.

१०/
यातून एक प्रसंग वारंवार घडे. एखाद्या व्यवस्थापकाला नव्या ग्रंथालयासाठी नवी पायथॉन हवी असे. तो ती बसवी आणि ‘पायथॉन’ हे नाव तिच्याकडे वळवी. पुढच्या क्षणी यम बंद पडे, कारण त्याचे भाग जुन्या आवृत्तीसाठी घडवलेले. आता जुनी आवृत्ती परत आणायची तर ती आणणारे साधन यमच. शिडी विहिरीत पडावी आणि ती काढायला विहिरीत उतरण्यासाठी शिडीच हवी असावी, तशी ही गत. यासाठी तिसरी आवृत्तीही लागत नसे, २.६ च्या जागी २.७ आणणेही पुरेसे होई.

११/
दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवणे तसे अवघड नव्हते. प्रत्येकीची ग्रंथालये आपापल्या क्रमांकाच्या निर्देशिकेत राहत. स्रोतापासून पायथॉन घडवणाऱ्यांसाठी ‘ऑल्टइन्स्टॉल’ ही सोय होती. ती नवी आवृत्ती क्रमांकासह बसवी आणि मूळ नावाला हात लावत नसे. अडचण जागेची नव्हती, नावाची होती. कारण ‘पायथॉन’ हे नाव म्हणजे बहुधा केवळ एक पाटी असते, प्रत्यक्ष आज्ञावलीकडे बोट दाखवणारी. पाटी एक, आणि दिशा दोन.

१२/
ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने ही पाटी तिसऱ्या आवृत्तीकडे फिरवली. हजारो आज्ञावल्यांच्या पहिल्या ओळीत ‘ही आज्ञावली पायथॉनने चालवावी’ एवढीच सूचना असते, आवृत्तीचा उल्लेख नसतो. लिहिणाऱ्याच्या मनात दुसरी होती, आर्चवर उत्तर देणार तिसरी. इतर वितरणांवर निर्धास्त चालणारी आज्ञावली इथे पहिल्याच ‘प्रिंट’वर अडे.

१३/
यावर तोड म्हणून मार्च २०११ मध्ये पीईपी ३९४ हा प्रस्ताव मांडला गेला. पीईपी म्हणजे पायथॉनमधील सुधारणांचे क्रमांकित दस्तऐवज. याने भाषेत काहीच बदलले नाही. हा वितरणांमधील तह होता. त्याची कलमे साधी होती. ‘पायथॉन२’ आणि ‘पायथॉन३’ ही नावे निःसंदिग्ध असावीत. बिनक्रमांकी ‘पायथॉन’ तूर्त दुसरीकडेच बोट दाखवील. आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्याला कोणती हवी ते स्पष्ट सांगावे. आर्चने मात्र आपली पाटी परत फिरवली नाही.

१४/
भाषेच्या बाजूनेही ताठरपणा कमी झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ ने युनिकोड मजकुरापुढे ‘यू’ लिहिण्याची जुनी पद्धत पुन्हा मान्य केली, जेणेकरून एकच आज्ञावली दोन्हीकडे चालावी. बेंजामिन पीटरसन यांचे ‘सिक्स’ हे ग्रंथालय त्याच कामाचे. दोन गुणिले तीन म्हणून सहा. एका बाबतीत मात्र तडजोड झाली नाही. पायथॉन २.८ कधीही येणार नाही, असे पीईपी ४०४ ने आधीच जाहीर केले होते.

१५/
त्याच ३.३ मध्ये ‘व्हेन्व्ह’ आले. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ची कल्पना त्यामुळे भाषेचाच भाग झाली. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःची निर्देशिका, स्वतःची ग्रंथालये आणि स्वतःची पाटी. यंत्रणेच्या पायथॉनला धक्का नाही. याहून मूलगामी विचार नेदरलँड्समध्येच झाला होता. एल्को डोलस्ट्रा यांनी २००६ च्या आपल्या प्रबंधात ‘निक्स’ची मांडणी केली. तीत प्रत्येक पॅकेजाच्या प्रत्येक घडणीला स्वतंत्र पत्ता असतो, त्यामुळे कितीही आवृत्त्या एकमेकींना न शिवता राहतात.

१६/
पायथॉन २.७ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता. एप्रिल २०१४ मध्ये तो २०२० पर्यंत वाढवण्यात आला. त्याच जूनमध्ये आलेल्या आरएचईएल ७ मध्येही २.७ च होती. काहींना ही माघार वाटली. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा काळ भाषेच्या काळापेक्षा संथ चालतो, ही गोष्ट या निर्णयाने अखेर मान्य केली.

१७/
निर्णायक उत्तर मे २०१९ मध्ये आरएचईएल ८ ने दिले. तिने यंत्रणेच्या स्वतःच्या कामासाठी ‘प्लॅटफॉर्म-पायथॉन’ नावाची वेगळी प्रत आडबाजूच्या निर्देशिकेत ठेवली. यमचा वारस डीएनएफ तिच्यावर चालतो. वापरणाऱ्यांसाठी २.७ आणि ३.६ स्वतंत्र मिळत. बिनक्रमांकी ‘पायथॉन’ ही आज्ञा मुळात अस्तित्वातच नव्हती. हवी असल्यास व्यवस्थापकाने ती कोणाकडे वळवायची ते ठरवायचे. घरची भांडी आणि पंगतीची भांडी अखेर वेगळी झाली.

१८/
१ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ चा आधार संपला, २.७.१८ ही अखेरची आवृत्ती २० एप्रिलला आली. त्याच आठवड्यात आलेल्या उबुंटू २०.०४ मध्ये दुसरी आवृत्ती मुळात बसवलेली नव्हती. जुन्या नावाची सवय असलेल्यांसाठी तिथे एक पॅकेज होते, ज्याचे नावच ‘पायथॉन म्हणजे पायथॉन३’. मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून २.७ गेली, जून २०२३ च्या डेबियन १२ मधूनही ती वगळली गेली.

१९/
त्याच डेबियन १२ ने एक पाऊल पुढे टाकले. यंत्रणेच्या पायथॉनमध्ये ‘पिप’ने थेट काही बसवू पाहिले, तर नकार मिळतो आणि स्वतंत्र परिसर तयार करण्याचा सल्ला दिला जातो. पीईपी ६६८ मधील ही व्यवस्था अनेकांना जाचक वाटते. पण यम बंद पडलेल्या व्यवस्थापकाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला तिचे कारण सांगावे लागत नाही.

२०/
तुलनेसाठी पर्ल पाहावी. पर्ल ६ ची घोषणा २००० मध्ये झाली, ती प्रत्यक्षात २०१५ च्या अखेरीस आली. तिने पर्ल ५ ची जागा घेतलीच नाही, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचे नाव ‘राकू’ ठरले. तिथे नाव वेगळे झाल्याने तंटा मिटला, पण समाजही दोन झाले. पायथॉनने नाव सोडले नाही. बारा वर्षे कलह सोसला, आणि अखेर एकच समाज शिल्लक राहिला.

२१/
या स्थित्यंतराची किंमत कोणी मोजली? मुख्यतः मुक्तस्रोत ग्रंथालये सांभाळणाऱ्यांनी, ज्यांतील बहुतेक बिनपगारी होते. चालत असलेली आज्ञावली पुन्हा लिहिण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली, आणि इंग्रजी मजकुरापुरते पाहिले तर त्यांना नवे फारसे काही मिळाले नाही. त्यांचा राग निराधार म्हणता येत नाही. पण ज्यांचे नाव ॲस्कीत मावत नाही, त्यांच्या बाजूने पाहिले तर जुनी व्यवस्था ‘चालत’ नव्हतीच. ती फक्त काहींसाठी चालत होती.

२२/
आता राहिलेला मुद्दा. पायथॉन ३ ‘मराठी’ची लांबी ५ सांगते, कारण ती युनिकोडची चिन्हे मोजते, वाचकाची तीन अक्षरे मोजायला आजही वेगळे ग्रंथालय लागते. पंधरावरून पाचावर यायला एवढा काळ, एवढे तह आणि एवढ्या पाट्या लागल्या. पाचावरून तीनावर येण्याचे काम अजून बाकी आहे.

(थ्रेड समाप्त)