ताल राखणे आणि ताल सुचवणे : एल्विन जोन्सविषयीचे अभिरुचिभेद

१९६१च्या नोव्हेंबरात 'डाउन बीट' या अमेरिकन नियतकालिकात जॉन टायनन या समीक्षकाने जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांचे वादन 'जॅझविरोधी' ठरवले. या शब्दाचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्यामानाने एक तपशील कमी चर्चिला गेला. टायननचा रोख दोघा वायुवाद्य-वादकांवर होता. साथीचा तालविभाग चांगला असून तो वाया जात आहे, अशी त्याची हळहळ होती. त्या तालविभागात एल्विन जोन्स (१९२७-२००४) ड्रम वाजवत होता. म्हणजे ज्या वादकाने कोल्ट्रेनच्या दीर्घ विस्ताराला शक्यता दिली, त्यालाच समीक्षकाने त्या विस्तारापासून अलग काढले. आशय बाजूला ठेवून 'शैली'ची तारीफ करणाऱ्या साहित्यसमीक्षेची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

ड्रमवादक म्हणजे नर्तकांची पावले सांभाळणारा, हा संकेत जुना. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जो जोन्सने १९३०नंतरच्या दशकात हा भार हाय-हॅटवर नेला. पुढे केनी क्लार्कने तो मोठ्या झांजेवर सोपवून पायाखालचा बास ड्रम अनपेक्षित आघातांसाठी मोकळा केला. या अनियमित आघातांपायी टेडी हिलच्या वाद्यवृंदातील त्याची जागा गेली. १९४०मध्ये न्यूयॉर्कच्या मिंटन्स प्लेहाउसची व्यवस्था हाती आल्यावर त्याच हिलने क्लार्कला परत बोलावले. पहिल्या वेळी समोर नाचणारे होते. दुसऱ्या वेळी ऐकणारे, आणि त्यांतही पुष्कळसे वादकच. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते येथे एकाच माणसाच्या दोन निर्णयांमध्ये बदललेले दिसते.

एल्विन जोन्सने या क्रमातील शेवटचा आधारही सैल केला. झांजेवरचा ठेका त्याने सलग ठेवला नाही. तिश्र गट दोन्ही हात व दोन्ही पाय यांत वाटून दिले, आणि मात्रा उच्चारण्याऐवजी तिच्याभोवती आघातांचे वलय उभारले. मोजणी मात्र सुटत नाही. बारा किंवा बत्तीस मापांचा आराखडा संपतो तेथे तो नेमका पोहोचलेला असतो. (मराठी वाचकाला येथे 'सम' हा शब्द सुचेल, पण जॅझमधील आराखडा स्वरमेळांच्या क्रमावर उभा असतो, आवर्तनावर नव्हे, हे विसरून चालणार नाही.) ज्यांना ताल उच्चारलेला हवा होता, त्यांना हा गोंगाट वाटला, आणि ज्यांनी तो सुचवलेला चालवून घेतला, त्यांना यात अभूतपूर्व मोकळीक दिसली. ध्वनी तेच, 'स्विंग' हा शब्द मात्र एकासाठी वर्णन होता, तर दुसऱ्यासाठी निकष.

इंग्रज कवी फिलिप लार्किन १९६१पासून 'डेली टेलिग्राफ'मध्ये जॅझविषयी लिहीत होता. १९७०च्या 'ऑल व्हॉट जॅझ' या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने चार्ली पार्कर, एझरा पाउंड आणि पिकासो यांना एकाच पंक्तीत बसवून आधुनिकतेलाच आरोपी केले. कोल्ट्रेन त्याला असह्य होता. त्याची भूमिका प्रामाणिक आहे, पण ती कानांपेक्षा एका सिद्धांताने अधिक घडली आहे असे मला वाटते : कला प्रथम आनंद देते, आणि आनंद म्हणजे तरुणपणी मिळालेला आनंद.

दुसऱ्या टोकाला लिरॉय जोन्स, म्हणजे पुढचा अमिरी बराका. 'ब्लूज पीपल' (१९६३) लिहिणाऱ्या या कवीने गोऱ्या समीक्षकांवर घेतलेला आक्षेप मूलगामी होता : हे संगीत ज्या जीवनदृष्टीतून येते, ती वगळून ते केवळ स्वरांच्या हिशेबाने तपासता येणार नाही. 'कोल्ट्रेन लाइव्ह ॲट बर्डलँड' या १९६४च्या ध्वनिमुद्रिकेची टिपणेही त्यानेच लिहिली. आक्षेप मान्य करूनही एक अडचण उरते. संगीत हा समूहाचा उद्गार ठरला की एल्विनची काटेकोर मोजणी दिसेनाशी होते. तीही त्या जीवनदृष्टीचाच भाग असताना. विरोधकाने ज्याला अराजक म्हटले, त्यालाच समर्थकाने मुक्ती म्हटले. मोजले कोणीच नाही.

१९६५मध्ये कोल्ट्रेनने रशीद अली या दुसऱ्या ड्रमवादकाला सोबत घेतले. अलीने नियमित स्पंदनच सोडले होते. त्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित झालेल्या 'मेडिटेशन्स'मध्ये दोघे एकत्र ऐकू येतात, आणि दोघांच्या ताल-कल्पनांत केवढे अंतर आहे तेही. ही रचना एल्विनला मानवली नाही. १९६६च्या प्रारंभी तो बाहेर पडला. अराजकाचा प्रतिनिधी समजला गेलेला वादक ताल खरोखर सुटला तेव्हा थांबला नाही! काही काळ तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला, तेथेही रमला नाही. १९६८मध्ये जो फॅरल आणि जिमी गॅरिसन यांच्यासह त्याने 'पुटिन इट टुगेदर' ध्वनिमुद्रित केली. तीत पियानो नाही. स्वरमेळांचा आधार देणारे वाद्यच नसल्याने आराखडा धरून ठेवण्याचे काम बास आणि ड्रम यांच्यावर येते, आणि कोल्ट्रेनच्या झंझावातात जे झाकलेले होते, ते मापांचे बांधकाम येथे उघडे ऐकू येते.