दोन वर्षांचं कॉलेज आणि इन्साफचा अभ्यास

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज. शाळा संपवलेल्या जवळपास कुणालाही तिथं प्रवेश मिळतो. तिथं दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येतं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बारावीच्या मार्कांवर मुलांच्या आयुष्याचा निकाल लावायची आपल्याकडची घाई रोज बघते. म्हणून या कॉलेजांचा इतिहास मला जवळचा वाटतो. त्यातही 'क्रिमिनल जस्टिस' या विषयाची, म्हणजे पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या अभ्यासाची, गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथं असं कॉलेज सुरू झालं तेव्हा विद्यार्थी होते फक्त सहा. गावातल्या मुलांनी पदवीची पहिली दोन वर्षं घराजवळ शिकावीत, हा हेतू. म्हणजे पुढे विद्यापीठात जाणं ही कल्पना पहिल्यापासूनच होती.

पोलिसांच्या शिक्षणाचा प्रवाह वेगळा होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली. शिपायाला शिक्षण कशाला, असं मानण्याचा तो काळ. व्होल्मर यांनी मात्र हा विषय विद्यापीठापर्यंत नेला.

हे दोन प्रवाह खऱ्या अर्थानं एकत्र आले ते १९६० च्या दशकात. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगानं १९६७ मध्ये म्हटलं, की पोलीस पदवीधर असावेत हे अखेरचं उद्दिष्ट असावं. १९६८ च्या कायद्यानंतर पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राकडून कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. पैसा आला तसे कम्युनिटी कॉलेजांत हे अभ्यासक्रम भराभर निघाले.

पण पैशानं तालीम मिळतेच असं नाही. लॉरेन्स शर्मन यांच्या १९७८ च्या अहवालानं तेच दाखवलं: बऱ्याच ठिकाणी शिक्षणाच्या नावाखाली नोकरीचं प्रशिक्षणच चाललं होतं. इतिहास, समाजशास्त्र, नीती यांना जागा कमी होती. कायदा कसा राबवायचा हे शिकवलं जात होतं. तो कुणावर जास्त कठोर होतो, हा प्रश्न बाजूला पडत होता.

दुसरी अडचण पुढे जाण्याची. कॉलेजात घेतलेले विषय विद्यापीठानं मानले नाहीत, तर तेच पुन्हा शिकावे लागत. गरिबाचा वेळ आणि पैसा त्यात जाई. कॅलिफोर्नियानं २०१० मध्ये कायदा करून ठरावीक ६० युनिटांची पदवी आखली. ती घेणाऱ्याला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळाली. या विषयालाही ती सोय आहे.

'इन्साफ' हा शब्द अरबीतल्या 'निस्फ'शी, म्हणजे 'अर्ध्या'शी जोडलेला आहे: दोघांना सारखा वाटा. उद्या गणवेश घालून रस्त्यावर उभं राहणाऱ्या मुलाला हा अर्थ वर्गात कळायला हवा. आणि ज्याच्या वस्तीत पोलीस सर्वांत जास्त येतात, त्या मुलालाही तो वर्ग आणि पुढचं विद्यापीठ खुलं हवं. दार उघडं ठेवून जिना अर्धाच बांधला, तर तो इन्साफ नव्हे.