चित्रकार तय्यब मेहता आणि १९४७ चा तो दिवस

इतिहासाच्या पुस्तकात फाळणीला दीड-दोन पाने मिळतात. त्यात माउंटबॅटन योजना असते, रॅडक्लिफची रेषा असते आणि एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून गेली हा आकडा असतो. आकडा विद्यार्थ्यांना पाठ होतो, माणूस मात्र दिसत नाही. म्हणून वाचकहो, येथे एका चित्रकाराची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

तय्यब मेहता यांचा जन्म २६ जुलै १९२५ रोजी गुजरातेतील कपडवंज येथे दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. ते वाढले मात्र मुंबईत. १९४७ साली, दंगलीच्या दिवसांत, त्यांचा मुक्काम महमद अली रोडवर होता. घराच्या खिडकीतून त्यांनी खाली पाहिले, तो जमाव एका तरुणाला मारीत होता. दगडांनी त्याचे डोके ठेचण्यात आले. बावीस वर्षांच्या तय्यब यांना त्या धक्क्याने ताप भरला. ते दृश्य जन्मभर आपल्या मनातून गेले नाही, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

१९५२ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. प्रोग्रेसिव्ह मंडळींशी त्यांचा स्नेह जुळला. त्यांतले हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे.

पण दंगलीचे चित्र त्यांनी सरळ काढलेच नाही. त्यांनी काढला बैल, पाय बांधून आडवा पाडलेला! आपल्या जेऊरकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. पत्री मारण्यासाठी बैलाला दोरखंडाने पाडतात, तेव्हा त्या धिप्पाड जनावराचा डोळा कसा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपला बैल पत्री मारल्यावर उठून उभा राहतो. तय्यब यांचा बैल कत्तलखान्यातला आहे. १९७० साली त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला, त्यासाठीही ते वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा घेऊन गेले होते.

पुढे आला तो पडणारा माणूस. हातपाय विखुरलेले, तोंड उघडे, खाली जमीन नाही. १९६८ साली दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. १९६९ पासून त्यांच्या चित्रांना कोपऱ्यातून कोपऱ्याकडे चिरणारी तिरपी रेघ आली. त्या रेघेत काहींना फाळणी दिसते. स्वतः तय्यब मात्र सांगत, की काम अडले म्हणून त्राग्याने काळ्या रंगाचा फटकारा मारला, आणि वाट सापडली.

या चित्रांत जमाव कोठेही नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दंगल म्हटली की मेलेला कोणाचा आणि मारणारे कोणाचे, हा हिशेब आपण आधी मांडतो. तय्यब यांनी त्या हिशेबाला जागाच ठेवली नाही. पडणाऱ्याच्या अंगावर ओळखीची कसलीही खूण नाही, आहे ती केवळ त्याची वेदना.

१९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले. त्यानंतर त्यांच्या कुंचल्यातून काली आणि महिषासुर उतरले. बोहरा घरातल्या चित्रकाराने हे विषय घ्यावेत याचे कोणाला नवल वाटेल. पण महिषासुर म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा रेडा. चाळीस वर्षे वेगवेगळे काढलेले ते बांधलेले जनावर आणि तो पडलेला माणूस येथे एकाच देहात आले. २ जुलै २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.