मण, किलो आणि ओलं लाकूड

दिवाळी जवळ आली, की बेळगावच्या आमच्या घरी न्हाणीतल्या चुलीसाठी जळण भरायची घाई उडे. अभ्यंगस्नानाला कढत पाणी हवंच. खानापूरच्या रानाकडून ऐन-जांभ्याच्या लाकडांनी भरलेल्या गाड्या येत आणि वखारीतल्या मोठ्या काट्यावर मणाच्या भावानं लाकूड तोललं जाई. आम्ही 'जळण' मागत असू, शेजारचं कानडी कुटुंब 'कट्टिगे'. 'मण' हा शब्द मात्र दोघांचाही होता.

शब्द एक असला, तरी वजन एक नव्हतं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा, असे २० मण म्हणजे एक खंडी. मद्रासचा मण २५ पौंडांचा. रेल्वेत चालणारा बंगाली मण ३७ किलोंहून थोडा अधिक, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट! भाव ऐकला, की 'कुठला मण?' हे आधी विचारावं लागे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, १९६२ पर्यंत किलो सगळीकडे आला. हद्दीचा वाद राहिला; किलो मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच झाला.

वडिलांना याचं फार समाधान वाटलं. आता फसवणूक संपली, म्हणून त्या वर्षी त्यांनी एका वखारीतून स्वस्तातलं जळण तोलून आणलं. आज्जीनं दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या. वाळलेल्या लाकडाचा येतो तो खणखणीत आवाज आला नाही; नुसता 'थप्' झाला.

"किलो खरा आहे रे," ती म्हणाली, "पण तू पाणी विकत घेतलंस."

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरभर धूर झाला, आज्जीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि पाणी कोमटच राहिलं. वडील काही बोलले नाहीत.

पुढे मी हिशेब मांडून पाहिला. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणीच असू शकतं. नीट वाळलेल्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. म्हणजे १०० किलो ओल्यात खरं लाकूड ५० किलो, तर वाळलेल्यात ८०. भाव सारखा असला, तर ओलं लाकूड दीडपटीहून महाग पडतं. शिवाय आतलं पाणी आटवण्यातच बरीच आच खर्ची पडते.

पुढच्या वर्षीपासून आमचं जळण चैत्र-वैशाखात येऊ लागलं. ते फोडून, उन्हात वाळवून, पावसाआधी पडवीत रचलं जाई. वखारीत वडील आधी दोन ढलप्या आपटून पाहत, मगच काट्याकडे वळत.

कायद्यानं वजन एक केलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण काटा फक्त भार सांगतो, आच सांगत नाही. ती ओळखायला आज्जीचा कानच लागत होता.