गिरणगावच्या धुराचा हिशेब

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ताडदेवच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी उभारली आणि दोन वर्षांत तिचे यंत्र फिरू लागले, तेव्हापासून परळ-लालबागच्या चिमण्यांतून जो धूर निघत राहिला, त्याचे प्रमाण ठरविणाऱ्या घटना पुष्कळदा या बेटापासून हजारो मैलांवर घडत होत्या. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि लँकेशायरची भूक भागविण्यासाठी खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर लोटला. 1865 साली युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्यांचे दिवाळे निघाले. पुढे 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला. त्याने विलायतेचा मार्ग हजारो मैलांनी तोडला खरा, परंतु तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वाऱ्यांमुळे शिडाच्या जहाजांना तो मार्ग परवडेना. वाऱ्यावर चालणारा व्यापार आगबोटींकडे, म्हणजेच दगडी कोळशाकडे वळला.

गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणात चीनला जाई. सूत परदेशी जाई, पण ते कातण्यासाठी जाळलेल्या कोळशाची काजळी परळच्या चाळींत वाळत घातलेल्या धोतर-लुगड्यांवर बसे, आणि बॉयलरच्या तोंडाशी उभा असलेला आगवाला पाळीभर फावड्याने कोळसा लोटीत ती धग अंगावर घेई. जिथे इंधन जळते त्याच मुलखाच्या खाती कर्बवायू मांडण्याचा आजचा सर्वमान्य दस्तूर मला म्हणूनच अपुरा वाटतो. त्या सुताचे वस्त्र ज्याने पांघरले, त्याच्या नावावरही त्यातील काही भार चढलाच पाहिजे.

मुंबईला स्वतःचा कोळसा नव्हता. राणीगंज-झरियाचा माल रेल्वेने देश ओलांडून किंवा कलकत्त्याहून समुद्रमार्गे येई. 1914 च्या महायुद्धात सरकारने जहाजे लष्करी कामाला जुंपली, तेव्हा हा पुरवठा डळमळला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून वीज करण्याची जमशेटजी टाटांची कल्पना मात्र युद्धापूर्वीच आकाराला आली होती: त्यांच्या मृत्यूनंतर 1910 साली कंपनी स्थापन झाली, आणि ऐन युद्धात, 1915 च्या फेब्रुवारीत, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांवाटे सुमारे 1,700 फूट खाली खोपोलीच्या चक्रांवर आदळू लागले. ज्या गिरण्यांनी ही वीज घेतली, त्यांत धुलाई-रंगाईसारख्या कामांपुरती वाफ शिल्लक राहिली आणि यंत्रे फिरविण्यासाठी जळणारा कोळसा वाचू लागला. टंचाईच्या काळात जवळच्या पाण्यावरील ही वीज गिरण्यांना किती मोलाची वाटली असेल, याची कल्पना सहज करता येते. आणि कर्बवायूची चिंता कोणाच्या स्वप्नातही नसताना झालेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

तथापि त्या पाण्याखाली रयतेची जमीन होती. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या पुढच्या धरणाने पन्नासएक गावांची भातखाचरे बुडणार असे कळल्यावर 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट त्यात अग्रभागी राहिले. तीनएक वर्षांनी लढा मोडला, बापट तुरुंगात गेले, आणि 1927 साली त्या धरणाच्या पाण्यावरील भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली. ज्या सावकारांकडे खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी गेलेल्या होत्या, त्यांनी मोबदला मान्य केला होता. कसणाऱ्यांचा विरोध शेवटी एकाकी पडला, त्याचे हे एक मोठे कारण.